ग्लेनकारात मोडलेली वामकुक्षी

गेले काही महिने अमानवी अनुभवांचा हा धागा नेमाने वाचतोय. कुणाला घाटात लिफ्ट मागणारी बाई भेटली, कुणाच्या बेसमेंटमध्ये ड्रायर आपोआप सुरू झाला... मी वाचतो, पोट धरून हसतो आणि नलूला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्याने वाचून दाखवतो. ती हसत नाही. परवा म्हणाली, "लोकांच्या गोष्टींना दात काढता. आपली का नाही लिहीत?"

आपली लिहीत नव्हतो, कारण तिच्यात अमानवी भाग चिमूटभर आणि माझा गाढवपणा पसाभर आहे. पण आता घरूनच हुकूम निघाला म्हटल्यावर इलाज नाही.

आधी माझी बाजू सांगतो. मी केमिकल इंजिनियर. एडमंटनला येऊन चाळीस वर्षं होऊन गेली, नोकरी सगळी रिफायनरीत झाली, आता रिटायर्ड. मी अमावास्येला नखं कापतो. मांजर आडवं गेलं तर त्याला 'हाय' म्हणतो. भूतखेत, करणी, दृष्ट – कशाकशावर माझा विश्वास नव्हता. विश्वास होता तो फक्त स्वतःच्या अकलेवर... आणि ह्या गोष्टीत आमच्या जिवावर उठली ती नेमकी तीच.

साल २०१७. ऑक्टोबरातला थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड. नलूचे थोरले बंधू, नाना, सांगलीहून पहिल्यांदाच कॅनडात आले होते. सांगलीत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, आता मुलगा बघतो. वय पंचाहत्तरीच्या आसपास, तब्येत खणखणीत, फक्त कान गेलेले – दोन्हीकडे मशीन. मशीन काढलं की शेजारी बँड वाजला तरी ह्यांची समाधी भंगत नाही.

नानांना मी मोठ्या ऐटीत बॅन्फ दाखवायचं कबूल केलं होतं. बुकिंग करायला मात्र विसरलो. लाँग वीकेंडला बॅन्फमध्ये खोली शोधणं म्हणजे लग्नसराईत आचारी शोधणं. शेवटी इंटरनेटवर धुंडाळता धुंडाळता एक कॉटेज मिळालं, कोळशाच्या एका जुन्या गावात. गावाला मी इथे ग्लेनकारा म्हणतो. खरं नाव वेगळं आहे, कारण घरमालकीणबाई देवमाणूस आहे आणि तिचा धंदा मला बुडवायचा नाही.

ग्लेनकारा एडमंटनच्या पश्चिमेला आहे, रॉकीज सुरू व्हायच्या आधीच्या टेकड्यांत. शेवटचं गॅस स्टेशन मागे पडलं की डांबरी रस्ता संपतो, मग खडीचा रस्ता नदीकाठाने वर चढतो आणि एका वळणावर एकदम गाव समोर येतं. शंभरेक वर्षांपूर्वी इथे स्कॉटलंडचे खाणकामगार आले. म्हणे ह्या टेकड्या अगदी आपल्या गावाकडच्यासारख्या दिसतात, म्हणून नावही तिकडचंच ठेवलं. पुढे रेल्वे डिझेलवर गेली, कोळशाला गिऱ्हाईक उरलं नाही, खाण बंद पडली. आता तिथे कोळसा धुवायच्या इमारतीचा गंजका सांगाडा आहे, खाणीचं तोंड आहे आणि कामगारांच्या एकमजली घरांच्या दोन रांगा आहेत. बहुतेक घरांच्या दारंखिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, चारदोन दुरुस्त करून भाड्याने देतात. आमचं घर खालच्या रांगेत, शेवटून दुसरं. शेवटचं घर फळ्या ठोकलेलं. गल्लीच्या पलीकडे मालकीणबाई मॉयरा राहायची – सत्तरीची, खमकी, तिचे आजोबा ह्याच खाणीत होते.

"बॅन्फ म्हणालेला न्हवं, दाजी?" गाडीतून उतरताच नाना म्हणाले.

"नाना, बॅन्फ सगळेच बघतात. हे ऑथेंटिक आहे."

"तसं आमच्या कुपवाडची एमआयडीसी बी ऑथेंटिकच हाय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीची टूर घेतली. गाइड होता डग, डोक्यावर हेल्मेट, पोटावर पट्टा, रिटायर्ड स्कूल बस ड्रायव्हर. माणूस रंगवून सांगत होता. आम्ही दहाबारा जण खाणीच्या तोंडाशी उभे होतो आणि तो खाणीतल्या विषारी वायूंबद्दल बोलायला लागला. एकाला कामगार 'व्हाइट डॅम्प' म्हणायचे, तो कळण्यासाठी पिंजऱ्यात कॅनरी पक्षी न्यायचे, वगैरे. झालं. माझ्यातला इंजिनियर जागा झाला.

"अ‍ॅक्च्युअली," मी म्हटलं, "दॅट इज कार्बन मोनॉक्साइड." आणि मग मी हिमोग्लोबिनवर घसरलो. हा वायू रक्तात ऑक्सिजनची जागा कशी बळकावतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला नुसती गुंगी येते... डग बिचारा हेल्मेट काढून ऐकत राहिला. नलूने माझ्या जॅकेटची बाही ओढली. "अहो, त्याला बोलू द्या. त्याला पगार आहे त्याचा."

नानांनी मशीन ठीक केलं. "काय म्हणायलाय ते?"

मी मराठीत सांगितलं, "नाना, असा एक वायू आहे. दिसत नाही, वास येत नाही. गोड झोप लागते आणि माणूस उठतच नाही."

"म्हंजे आमच्याकडं श्रीखंड जेवल्यावर तुमचं हुतंय, तेच की!"

तर मंडळी, सकाळी अकराच्या सुमाराला खाणीच्या तोंडाशी कार्बन मोनॉक्साइडवर प्रवचन देणारा हा गृहस्थ त्याच दुपारी काय करणार होता, ते आता ऐका.

नलूने एडमंटनच्या इंडियन ग्रोसरीतून भरताची वांगी आणि ज्वारीचं पीठ बरोबर घेतलं होतं. भरीत, भाकरी, ठेचा असा बेत होता. कॉटेजमधली शेगडी मात्र इलेक्ट्रिक, ती गोल गोल तारांची. नाना तिच्यावर ठेवलेल्या वांग्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"ह्यावर वांगं भाजत न्हाई, दाजी. त्याला नुसता ताप येतोय."

मागच्या अंगणात कोळशाची छोटी बार्बेक्यू होती. कोळशाच्या गावात कोळशावर भाजलेलं वांगं! मला कल्पना इतकी आवडली की मी तिथल्या तिथे भावुक झालो. पण बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं होतं आणि वारा असा की काडी पेटेना. मग मी काय केलं? बार्बेक्यू उचलली आणि मागच्या दाराशी बूट काढायला जी बंदिस्त खोली असते, तिच्यात आणून ठेवली. कोळसे मस्त फुलले. वांगी तडतडली. नाना टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी होते.

इकडे स्वयंपाकघरात नलूने ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या, आणि भिंतीवरच्या अलार्मने जी किंकाळी फोडली... कॅनडातल्या प्रत्येक मराठी घराला तो आवाज पाठ आहे. सभ्य माणसं त्याच्याखाली टॉवेल फडकवतात. मी खुर्चीवर चढलो, तो भिंतीवरून काढला, त्याची बॅटरी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि "आता ओरड!" म्हणालो. अलार्म धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, असा दोन्हीचा होता. तसं त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहिलंही होतं. मी चष्मा लावला नव्हता.

पानं वाढली. नलू म्हणाली, "पाय गार पडलेत हो माझे. हीटर तापतच नाहीये."

"शेगडी आत घेऊ या की!" मी म्हटलं. "फुकट निखारे वाया चाललेत."

"धूर नाही ना व्हायचा?"

"अगं, रसरशीत निखारा आहे. धूर कुठला?"

हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होतं. धूर नव्हताच.

निखाऱ्यांसकट बार्बेक्यू मी बैठकीच्या खोलीत आणली आणि नलूच्या खुर्चीजवळ ठेवली. जुन्या खिडक्यांच्या फटींतून वारा येत होता, म्हणून नानांनी सगळे टॉवेल गोळा केले आणि फटीफटीत कोंबून बसवले. एक दाराखालीही लावला. "आता बगा, ऊब कुटं जात्या ती!" एक रिवाइंडिंगवाला आणि एक केमिकल इंजिनियर – दोघांनी मिळून कुणाला मारायचं ठरवलं असतं, तरी इतकं नीटनेटकं काम झालं नसतं.

जेवण काय झालं म्हणून सांगू! भरताला तो कोळशाचा वास, वर कच्चं तेल, ठेचा, गरम भाकरी. नाना म्हणाले, बॅन्फ गेलं चुलीत. मग डोळे जड झाले. भाकरीभरिताचे असतात तसेच जड, असं मी समजलो. नानांनी कानांतली मशीनं काढून डबीत ठेवली आणि सोफ्यावर आडवे झाले. नलू शेगडीजवळच्या खुर्चीत शाल पांघरून कलंडली. मी खिडकीपासच्या दिवाणावर डाव्या कुशीवर झालो. चाळीस वर्षं कॅनडात राहून मी पुष्कळ सोडलं, वामकुक्षी नाही सोडली.

किती वेळ गेला माहीत नाही.

टक-टक-टक.

मग शांत. मग पुन्हा, टक-टक-टक.

आवाज खिडकीवर होता. बोटाच्या पेराचा नव्हे. बारीक आणि कोरडा, काचेवर तारेची टोकं आपटावीत तसा. मला वाटलं मॉयरा असेल, काहीतरी विचारायला आली असेल. मी डोळे न उघडता म्हटलं, "यस, कमिंग."

टक-टक-टक.

"वुई आर अवेक! थँक्यू!"

टक-टक-टक.

आयुष्यभर मी 'उठलोय' म्हणून सगळ्यांना फसवत आलोय. लहानपणी आईला, हॉस्टेलवर रूम पार्टनरला, पुढे नलूला. 'उठलोय' म्हणायचं आणि कूस बदलायची. लोक विश्वास ठेवून निघून जातात. हा बाबा मात्र फसेना. मी मराठीत म्हटलं, "उठलोय हो, उठलोय!" मी हिंदीत म्हटलं, "आता है, भाई!" शेवटी एक अशी शिवी दिली जी मी सांगली सोडल्यापासून वापरली नव्हती. उपयोग शून्य. थांबायचं, पुन्हा तीनदा वाजवायचं. घाई नाही, राग नाही. जसं काही त्याला संध्याकाळपर्यंत दुसरं कामच नाही.

मग मी चिडलो. हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगतो – मी कुणाचा जीव वाचवायला उठलो नाही. मी भांडायला उठलो.

उठलो आणि कोसळलो. पाय माझे नव्हतेच. डोकं दोन्ही बाजूंनी कुणीतरी शिकंज्यात धरल्यासारखं ठणकत होतं. पण राग मोठा बलवान असतो... मी गुडघ्यांवर रांगत खिडकीशी गेलो, नानांचा टॉवेल उपसला, खिडकीची खालची काच जोर लावून वर सरकवली आणि तोंड बाहेर काढलं.

टकटक थांबली.

मी ओरडलो, "व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?" समोर गल्ली रिकामी. बर्फ भुरभुरत होतं. आणि गार हवेचा पहिला घोट छातीत गेला तसं माझं सगळं ऑथेंटिक भरीत खिडकीखाली बर्फावर पडलं.

हे सांगितलं की सगळे हमखास एकच प्रश्न विचारतात – बर्फात पावलांचे ठसे होते का? मित्रांनो, असतील किंवा नसतील. नेमक्या त्याच जागी मी पुराव्याची काय अवस्था केली, ते आत्ताच लिहिलंय.

पण एक सांगतो. मी तसाच चौकटीवर पोट टेकून लोंबत होतो, तेव्हा तोच आवाज पुन्हा ऐकला. टक-टक-टक. शेजारी. रांगेतल्या शेवटच्या घरापाशी. त्या घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि आवाज काचेचा होता.

त्यावर विचार करायला तेव्हा वेळ नव्हता. हवा लागली, डोकं जरा चालायला लागलं, मी मागे वळून बघितलं. शेगडी लालभडक. तिच्याशेजारी नलू, मान एका बाजूला टाकलेली. आणि सकाळचं माझं स्वतःचं प्रवचन माझ्याच कानात वाजायला लागलं. वास नाही. रंग नाही. नुसती गुंगी.

पुढचं मला सलग आठवत नाही. दार उघडलं. नलूला काखेत धरून ओढत बाहेर काढलं. तिचं वजन एवढं कधी वाटलं नव्हतं. गल्लीत बोंब मारली. मॉयरा धावत आली, फोनवर नाइन-वन-वनला पत्ता सांगता सांगताच घरात शिरून तिने नानांना पायाला धरून सोफ्यावरून ओढलं. नाना दारातच शुद्धीवर येऊन तिला सांगलीच्या भाषेत काहीतरी बोलले, ते तिला कळलं नाही हे फार बरं झालं.

नलू मात्र उठेना. मी बर्फात बसलेला, तिचं डोकं मांडीवर. मी तिच्या गालावर थापट्या मारत होतो. श्वास चालू होता, पण डोळे उघडत नव्हते. त्या वेळी मी काय काय कबूल केलं ते लिहीत नाही. देव मानत नसलेला माणूस अशा वेळी कुणाशी बोलतो हे मला आता माहीत आहे – जो ऐकत असेल त्याच्याशी.

आमच्याकडे मी तिला 'अगं' म्हणतो, चारचौघांत 'नलू'. 'नले' फक्त नाना म्हणतात. त्या दिवशी मी गल्ली दणाणेल असा ओरडलो, "नले! ए नले! ऊठ!"

तिच्या पापण्या हलल्या. मग एक डोळा किलकिला झाला.

"नले काय म्हणता..." ती पुटपुटली. "लोक बघतायत."

इतकं गोड बोलणं मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मी रडत होतो, नाना रडत होते आणि नलू आम्हां दोघांना गप्प बसायला सांगत होती.

जवळच्या छोट्या शहरात हॉस्पिटल होतं. तिघांनाही ऑक्सिजन लावला. ईसीजी काढायला नर्सने माझा शर्ट उतरवला, तर खिशातून बॅटरी निघाली. तिने ती हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फॉर सेफ्टी." व्यवसायाने काय करता, ह्या प्रश्नाला मी नुसतं 'रिटायर्ड' म्हणून सांगितलं.

रात्र तिथेच काढली. सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही पुन्हा तपासलं आणि दुपारी घरी सोडते म्हणाल्या. तेवढ्यात मॉयरा आली, सँडविचं घेऊन. मी तिची माफी मागत होतो, मागत होतो... ती म्हणाली, "ते सगळं नंतर. तू उठलास कसा, ते सांग. फायरवाले म्हणत होते, आणखी थोडा वेळ गेला असता तर कुणीच उठलं नसतं."

"कुणीतरी खिडकी वाजवत होतं. मला वाटलं तूच."

"मी घरात होते. ओव्हनमधली टर्की बघत होते."

"मग दुसरं कुणी असेल."

"ह्या दिवसांत त्या गल्लीत तुम्ही आणि मी. दुसरं कुणी नाही." ती पुढे झुकली. "कसं वाजवत होतं?"

मी खुर्चीच्या हातावर वाजवून दाखवलं. तीनदा, थांबून. तीनदा, थांबून. "आणि तारेसारखा आवाज. मी कितीदा म्हटलं उठलोय म्हणून, तरी हलेना. खिडकी उघडून तोंड बाहेर काढलं तेव्हा थांबला. मग शेजारच्या घराकडे गेला."

मॉयराने सँडविच खाली ठेवलं.

मग तिने सांगितलं. तिच्या आजीने तिला सांगितलेलं. त्या काळात कामगारांच्या घरी घड्याळं नसत, असली तरी भरवशाची नसत. आणि पाळ्या दिवसरात्र चालायच्या, कुणी सकाळी झोपायचा तर कुणी दुपारी. म्हणून प्रत्येक रांगेला एक उठवणारा असायचा. स्कॉटलंडहून आणलेली रीत. बहुतेक वेळा छातीच्या दुखण्याने खाणीतून निवृत्त झालेला कुणी म्हातारा. त्याच्याकडे एक काठी, काठीच्या टोकाला तार. एकेका खिडकीवर वाजवत रांगेच्या टोकापर्यंत जायचं. आणि त्याचा एक नियम. आतून कुणी कितीही 'उठलो' म्हणून ओरडलं तरी तो हलायचा नाही. 'उठलो' तर सगळेच म्हणतात आणि परत झोपतात. खिडकी उघडायची, तोंड दाखवायचं. तोंड दिसलं, की मगच तो पुढच्या खिडकीकडे जायचा.

नानांनी खिशातल्या डबीतून मशीनं काढून कानांत घातली आणि मी त्यांना मराठीत सांगितलं. नाना हसले नाहीत. हातातली रिकामी डबी मिटत म्हणाले, "दाजी, ते वाजवणं मी बी ऐकलंय. मला वाटलं सून उठवायल्या दुकानाला जायला. मी म्हटलं, पडतो अजून थोडं."

"नाना," नलू म्हणाली, "तुमची मशीनं तर डबीत होती."

"व्हय की," नाना म्हणाले, आणि मग ते स्वतःच दचकले.

आता तुम्ही विचारायच्या आधी मीच विचारतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑक्सिजन कमी पडला की मेंदू नसलेले आवाज ऐकवतो, त्यात नवल नाही. पटतं मला. केमिकल इंजिनियरला पटायलाच पाहिजे. पण नसलेला आवाज काढायला माझ्या मेंदूने नेमकी हीच रीत कुठून आणली? टूरमध्ये ती सांगितली असेल म्हणून मी मुद्दाम डगला फोन केला. तो म्हणाला, "मी हे पहिल्यांदाच ऐकतोय. आमच्या म्युझियममध्येही नाही." मग म्हणाला, "आणि तुमच्या भिंतीवरच्या कॅनरीचं काय झालं म्हणालात?" तेवढा टोमणा त्याच्या हक्काचाच होता. कधीकाळी कुठेतरी वाचून विसरलो असेन, अशी मी स्वतःची समजूत घालून बघितली. बॅन्फचं बुकिंग विसरणारा माणूस काहीही विसरू शकतो. पण डबीतल्या मशीनचं काय करू? शेजारच्या फळ्यांचं काय करू?

त्या दुपारी मॉयरानेच आम्हाला तिच्या गाडीतून ग्लेनकाराला परत आणलं. घर फायरवाल्यांनी हवा खेळवून मोकळं केलं होतं. मी सामान आमच्या गाडीत भरलं. नाना मागे बसले. नलू पुढे बसली, बेल्ट लावला, मी चावी फिरवणार तेवढ्यात म्हणाली, "थांबा."

"काय राहिलं?"

"खिडकीत त्याला कुणाचं तोंड दिसलं?"

"माझं."

"आणि माझं?"

मी चावीवरचा हात काढला.

"नानांचं?" ती म्हणाली. "अहो, आम्ही दोघं त्याच्या लेखी झोपलेलेच आहोत की. तो बिचारा काय समजत असेल?"

तुम्हाला वाटेल की मी हसलो. नाही हसलो. ती उतरली, मॉयराकडून किल्ली घेऊन आली आणि आत गेली. तिच्यामागे नाना, चालता चालता कानाचं मशीन दाबून बसवत. मी गल्लीत बर्फावर उभा राहिलो, अगदी खिडकीसमोर. मॉयरा तिच्या दारात, हाताची घडी घालून.

खिडकी वर सरकली. नलूने तोंड बाहेर काढलं. डोक्यावर माकडटोपी, नाक थंडीने लालबुंद. तिने गल्लीत उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, आणि रोज भेटणाऱ्या माणसाशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "उठले हो मी. थँक्यू." तिच्या खांद्यावरून नानांनी मुंडी काढली. "मी बी उठलोय. आता जावा तुमी, गारठा हाय."

काही झालं नाही. टकटक नाही, वारा नाही. रांगेच्या टोकापर्यंत गल्ली शांत होती. मॉयराने ॲप्रनने डोळे पुसले आणि खोकल्याचं निमित्त केलं.

कोण होता, होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही. कुणाला काही स्पष्टीकरण सुचलं तर खाली जरूर लिहा, मी मोकळ्या मनाने वाचेन. पण तो जिथे उभा राहिला असेल त्याच जागी उभं राहून खिडकीतलं नलूचं तोंड बघताना मला एक गोष्ट कळली. ते दिसल्याशिवाय तिथून पाय निघणार नाही, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.